करंगळीचं माप

(इटलीतलं बोलोन्या शहर. गल्लीतली आठ टेबलांची खानावळ, भर दुपार. मालकीण दिर्चे आणि तिचा मुलगा लोरिस. दिर्चेच्या करंगळीत अंगठीसारखी एक तोर्तेलिनी, कणकेच्या पारीत सारण भरून, बोटाभोवती वळून सुपात सोडतात ती.)

लोरिस : आई, ती तोर्तेलिनी बोटातून काढ. गिऱ्हाइकाच्या सुपातली आहे ती.

दिर्चे : आपल्या रोजच्या गोल्फिएरींनीच परत पाठवलीय. वर विचारतायत, "दिर्चेबाईंची तब्येत बरी आहे ना?" बघ, करंगळीत कशी गरागरा फिरतेय.

लोरिस : शिजल्यावर फुगते.

दिर्चे : माझीही शिजतेच. जन्मभर याच करंगळीभोवती वळतेय मी. ही कुणाच्या बोटाची?

लोरिस : कुणाच्याच नाही. कारखान्याची.

दिर्चे : कुठल्या?

लोरिस : मोदेनाच्या.

दिर्चे : मोदेना! तोर्तेलिनी आमचीच म्हणून भांडणारं ते शेजारचं गाव! त्यापेक्षा विष घालायचंस. आणि सकाळपासून मी खिडकीत बसून वळते ती?

लोरिस : ती बघून पर्यटक आत येतात.

दिर्चे : ती जाते कुठे, विचारतेय मी.

लोरिस : शेतावरच्या फेरुच्चोच्या कोंबड्यांना.

दिर्चे : म्हणजे अख्ख्या गावात माझ्या हातचं फक्त कोंबड्या खातात?

लोरिस : अंडी फार छान देतात म्हणे. तीच आपण तुझ्या कणकेत घालतो.

दिर्चे : वा! धंदा चोख आहे तुझा.

लोरिस : तुझा खांदा गेलाय, आई. रात्री कण्हतेस, ऐकू येतं मला. आठ टेबलं तुला झेपत नाहीत. पण तुला "थांब" कोण सांगणार?

दिर्चे : म्हणून मला काचेतली बाहुली केलंस. ओढ तो पडदा.

लोरिस : अगं, बाहेर लोक मोबाईल धरून उभे आहेत!

दिर्चे : म्हणूनच ओढ. आणि दारावर लिही, दिर्चेच्या हातची तोर्तेलिनी, संपली की दार बंद.

लोरिस : दहा-बारा जणांतच संपेल. खानावळ बुडेल.

दिर्चे : बुडू दे. माझी आहे, मी बुडवीन. मोदेनाला का त्रास?

लोरिस : आणि फ्रीजरमधल्या पेट्या?

दिर्चे : कोंबड्यांपुढे टाक. खातात का बघू.

लोरिस : गोल्फिएरी अजून थांबलेत.

दिर्चे : थांबू देत. हात धुऊन ये. बस इथे. करंगळी दाखव.

लोरिस : माझी? आई, केवढी जाड आहे! माझी तोर्तेलिनी बेढब होईल.

दिर्चे : होऊ दे. कुणाची आहे, ते तरी कळेल.