हनुवटीवरचं नाव

— आधी हात पूस. फेसाळ हातांनी बोललीस की निम्मे शब्द माझ्या चष्म्यावर उडतात.

— पुसले. आता सांग, दादा. ठराव खरंच मांडणार आहेत?

— दारावरचा दिवा लुकलुकला की बैठक सुरू. पहिलाच विषय. ‘सदर सदस्येने कानात यंत्र बसवून घेतल्यामुळे बहिऱ्यांच्या क्लबने तिला दिलेलं खुणेचं नाव परत घेण्याबाबत.’ चिटणीस शिंप्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. तीन चुका आहेत.

— हनुवटीवर बोट टेकवायचं, एवढंसं तर नाव माझं! परत घेऊन करणार काय, कपाटात घडी घालून ठेवणार?

— पण गेल्या बैठकीत तुला शोभा करायची गरज काय होती? इथे स्वयंपाकघरात पातेलं पडलं, आणि चाळीस बहिऱ्यांत तू एकटी वळलीस.

— दचकले रे! तीस वर्षांनी पातेलं ऐकलं.

— पातेल्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. तुझी मान सगळ्यांनी पाहिली.

— आणि शिंपी मला शिकवणार? त्याला डाव्या कानाने कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं!

— म्हणून तर तो सगळ्यांत कडवा. जन्मापासून बहिरे ते पुढच्या रांगेत, तापाने झालेले मागे, डावा कान थोडाफार चालणारे दाराशी. तू गेलीस की त्याची खुर्ची एक घर पुढे.

— बाहेरचे लोक आपल्याला एकाच पोत्यात भरतात.

— आणि आत आलो की आम्ही सूप घेऊन निवडत बसतो.

— मतं किती?

— तुला मत नाही. बाकीचे एकोणीस-एकोणीस फुटलेत. मग अध्यक्षाचं.

— म्हणजे तुझं! संपलंच की. ...दादा? हात खिशात का घातलेस?

— विचार करत होतो.

— बोलता बोलता खिशात हात घालणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. तूच शिकवलंस.

— काढले, बघ.

— बरं, ऐक. पहाटे स्वप्न पडलं. हाच हॉल, पण पाण्याखाली. सगळे संथ बोलत होते, हात माशांसारखे सरकत होते. आणि मला ऐकू येत होतं.

— काय?

— हातच. बाह्यांची सळसळ, तळव्यावर तळवा. जागी झाले आणि लक्षात आलं, हे खरंच आहे! आपण स्वतःला शांत समजतो, दादा. आपण भयंकर गोंगाट करतो.

— खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात ती खरी म्हणायची.

— सगळ्यांत जास्त तू. बोलताना तुझी बोटं कटकट वाजतात. डोळे मिटूनसुद्धा ओळखते मी.

— डोळे मिटून मला आजवर कुणी ओळखलं नाही.

— आता कोणी तरी ओळखतं.

— एक सांगू? तू सहा वर्षांची होतीस. ताप उतरला, कान गेले, तू दवाखान्यातून घरी आलीस. आई भिंतीला डोकं टेकून रडत होती, आणि मी, जन्माचा बहिरा, जिन्यात उड्या मारत होतो. घरात मला बोलायला माणूस मिळालं होतं! त्याच संध्याकाळी तुझ्या हनुवटीवर बोट टेकवलं. क्लबने नंतर नुसता शिक्का मारला.

— हे कधी बोलला नाहीस.

— आता तुला ऐकू यायला लागलं. शिंप्याचा ठराव वाचला आणि मला हलकं वाटलं. म्हटलं, ती सोडून जाण्याआधी आपणच काढलेली बरी.

— मी कुठे जाणार? इथल्या बश्या कोण घासणार?

— दिवा लुकलुकला. चल.

— थांब, यंत्र काढून ठेवते. उगाच वाद नको.

— राहू दे कानात. ‘ठरावाच्या विरोधात कोण?’ असं शिंपी विचारेल, तेव्हा डोळे मिटून बस.

— आणि?

— बोटं मोडून मगच हात वर करीन.