पक्कड

मामे कोनादू : अगं, अजून एक बुडबुडासुद्धा नाही! तुझ्या मावश्या मांडवात नटूनथटून बसल्यात, भात गार व्हायला लागलाय, आणि हे पातेलं ढिम्म!

(कुमासीत मास्टर अजेकुम यांचं वर्कशॉप. दिवेलागणीची वेळ. मास्टर, त्यांच्याकडे काम शिकणारी बिरागो आणि तिची आई मामे कोनादू एका विजेच्या शेगडीभोवती उभे आहेत. आईच्या हातात पांढऱ्या पावडरचा डबा आहे.)

मास्टर : मामे, ओरडून पाणी उकळत नसतं.

मामे कोनादू : मग कशानं उकळतं ते तुमच्या शिष्येला सांगा. इतकी वर्षं शिकवलंत ना?

मास्टर : शिकवलं, म्हणूनच आज विचारतोय. बिरागो, शेगडी तुझी, कॉइलही तूच गुंडाळलीस. नीट निघाली तर रिवाजाप्रमाणे डोक्यावर पावडर पडेल, तू मोकळी, उद्यापासून तुझं स्वतःचं दुकान. नाही निघाली तर आणखी एक वर्ष माझ्याकडे. ठरलंय ना?

बिरागो : ठरलंय, मास्टर.

मास्टर : आणि ही तर नुसती लालसर होऊन बसलीये. पक्कड तिथे आहे.

मामे कोनादू : घे की पक्कड! आपला तो शेगड्या दुरुस्त करणारा क्वाबेना म्हणतो ना, तार जरा आखूड केली की शेगडी रसरसून तापते. काप आणि मोकळी हो बाई.

बिरागो : क्वाबेनादादाच्या शेगड्या किती दिवस टिकतात, तेही सांग ना.

मामे कोनादू : आता त्याला कशाला मध्ये आणतेस?

बिरागो : तूच आणलास. थांब, मला आधी मोजू दे. मास्टर, मीटर देता?

मास्टर : घे. मोठ्यानं वाच.

बिरागो : व्होल्ट दोनशे. आता करंट बघते... चार अँपिअर.

मास्टर : पुढे?

बिरागो : दोनशेला चारानं भागलं की पन्नास. तारेचा रोध पन्नास ओहम. तुम्ही पन्नासच सांगितले होते.

मास्टर : मग शेगडी रडते का?

बिरागो : दोनशे गुणिले चार. आठशे वॉट. एवढ्यात ही एवढीच तापणार. मास्टर, माझी कॉइल चुकलेली नाही. वीजच कमी येतेय.

मामे कोनादू : अगं, मास्टरना उलट बोलतेस?

मास्टर : बोलू द्या. बिरागो, गिऱ्हाइकाला हेच सांगणार का? तो म्हणेल, पैसे घेतलेस, आता पाणी उकळून दाखव.

बिरागो : सांगणार. आत्ता सगळी वस्ती स्वयंपाकाला बसलीये, म्हणून दोनशे. रात्री निजानीज झाली की दोनशे चाळीस होतात. तेव्हा हीच तार पावणेपाचाच्या जरा वर करंट घेईल आणि साडेअकराशे वॉट देईल.

मास्टर : आणि आत्ता कापलीस तर?

बिरागो : चाळीस ओहमवर आणली, तर आत्ता पाच अँपिअर, हजार वॉट. आईचं पाणी लगेच उकळेल, मावश्या टाळ्या वाजवतील. पण रात्री तीच तार सहा अँपिअर ओढेल. चौदाशे चाळीस वॉट! ही तार पाचाच्या वर टिकत नाही. गिऱ्हाईक रात्री चहा ठेवायला जाईल आणि तार तुटेल.

मामे कोनादू : तुटेल तेव्हा तुटेल! आजचा दिवस निभावून ने. आपल्या गावातले सगळे हसले होते, पोर तारांत काय हात घालते म्हणून. त्यांनाच मी आज जेवायला बोलावलंय, बिरागो. त्यांच्यासमोर तुला नुसती परत नेऊ?

बिरागो : नेलीस तर येईन, आई. आणखी एक वर्ष राहीन. पण माझ्या हातची चांगली तार मी कापणार नाही.

मास्टर : पक्की?

बिरागो : पक्की.

मास्टर : ती पक्कड इकडे दे. पेटीत टाकतो.

मामे कोनादू : म्हणजे? झालं? नाही मिळाली सुटका?

मास्टर : मामे, ज्याला मोकळं करायचं, त्याला मी याच वेळेला शेगडी लावायला सांगतो. बाहेर पाहुणे, भात गार, आई डोक्यावर. सगळे पक्कड उचलतात. माझा सख्खा भाचासुद्धा उचलून बसला, वर्षभर परत झाडू मारला त्यानं. मीटर मागणारी तुमची मुलगी पहिली.

मामे कोनादू : पहिली?

मास्टर : पहिली. मी आता म्हातारा झालो, पण आज माझी छाती फुगलीये, हे तुम्हाला सांगायला मला लाज नाही. डबा उघडा.

मामे कोनादू : पण पाणी अजून...

मास्टर : उकळेल सावकाश. बिरागो, खाली बस. डोकं पुढे कर.

बिरागो : आई, रडू नकोस ना. पावडर ओली होईल.

मामे कोनादू : मी कुठे रडतेय! अगं, मघाचं ते दोनशे आणि चार काय होतं? मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

बिरागो : परत सांगू?

मामे कोनादू : इथे नको. मांडवात चल. तिथे सांग, मोठ्यानं.