कैलाशची माय आफ्रिका वाचते

नाही नाही, शाळेचे नाहीत ते पुस्तकं, माझेच आहेत — बसा ना रुखमाबाई, मानसं काही लवकर येत नाहीत आता, सानगडीच्या मंडईची जत्रा हाये, दंडारीचा खेळ पाहात उभे राहिले असतील. तुमचे मालक, आमचे मालक, अना कैलाशले बी संगं नेलं, पोरगा कसा चालते-बोलते ते पाहू म्हनून. चालते चांगला. तं हे पुस्तकं — आफ्रिकेचे आहेत. तिथल्या एकेका देशाचं एकेक पुस्तक, सारे देश वाचाचे असं धरलं हाये मी. हसल्या ना? हसा, गावात बी हसतात. शेजारची जनाबाई म्हनते, काय वं, तुह्या आफ्रिकेत पानी आला का? आता आफ्रिका म्हनजे का आपलं करडी गाव हाये, या टोकाले उभं राहिलं का त्या टोकाचं दिसलं? पन्नासाच्या वर देश आहेत बाप्पा. कैलाशले बी सारे आफ्रिकावाला म्हनतात, सिंह पाहिला का रे विचारतात. सिंह कायचा पाहाते, चार वर्षं तिथल्या राइस मिलच्या कोंड्यात गेले त्याचे.

अना पुस्तकं भेटतात का? नाही भेटत. तालुक्याच्या वाचनालयात गेली तं तिथला मानूस म्हनते, मावशी, पोथी देऊ का. पोथी. बारावी झाली हाये मी, चांगल्या मार्कानं. मराठीत दोन-चार भेटले, हिंदीत थोडे, बाकी सारे इंग्रजी. मंग राखीनं — पोरगी माही, नागपुरात नर्सिंगले हाये — तिनं फोनमध्ये काहीतरी टाकून देल्लं, पानावर फोन धरला का मराठी होते. काय मराठी होते, कपाळ. पुस्तकात एका पोराची माय मेली, तं फोन म्हनते, आई बंद पडली. तसंच वाचते, करते काय. एका देशाचं तं पुस्तकच नाही कोठी, समुद्रातला इवलासा देश, राखीनं सारं नागपूर पालथं घातलं. इकडे भाजी करपली का मालक ओरडतात, तिकडे फोनची ब्याटरी जाते — जीव विटला माहा.

मंग कायले वाचता, म्हनता? आता कायले म्हनजे — पोरगा सांगत नाही म्हून. जिथी नवी मिल बसली तिथी कंपनी पाठवे त्याले, आज या देशात, उद्या त्या देशात. फोन केला का एकच, "बरं हाये." येऊन वर्ष झालं, अजून बरंच हाये. तलावाच्या पाळीवर जाऊन बसते, काही विचारलं का उठते. कोन्या कोन्या देशात राहिला विचारलं तं पासपोर्ट पेटीत टाकून कुलूप लावलं. मंग म्हटलं वाचूनच पाहू, पोरगं जिथी राहिलं तिथी लोक कसे जगतात, कायले रडतात. पयलं पुस्तक आनलं, त्याच्या खाटेवर ठेवलं. एक दिवस त्यानं उचललं, उभ्या-उभ्यानं वाचलं, पान पालटवलं, अना म्हनते, "माय, ह्यात नाही ते." कायच्यात हाये मंग — येवढंच विचारलं मी, तं निघून गेला. पन बोलला ना. तवापासून एक झालं का दुसरं आनते, शेजारच्या देशाचं, मंग त्याच्या शेजारच्या देशाचं, अना खाटेवर ठेवते. तो चाळते, ठेवून देते. दुसरं कोनी असतं तं थकलं असतं. मी बी थकली, पन सोडू कशी?

तब्येत बरी हाये त्याची, तसं काही मनात आनू नका. भात तेवढा खात नाही — आमच्या मालकायनं सांगितलं नाही का? धानाच्या घरचं पोरगं, मिलवर चार वर्षं काढलेलं, अना भाताले शिवत नाही. भाकर खाते. आखाडात ताप आला होता तवा मात्र बोलला, डोळे मिटूनच, सारखा — अमिनाता, अमिनाता. नाव हाये ते. बाईचंच. एका पुस्तकात मले सापडलं तं म्हटलं भेटला बाप्पा देश. मंग बाजूच्या देशाच्या पुस्तकात बी तेच. मंग अजून एका. एका जागी म्हातारी, एका जागी शाळेतली पोर. गावोगावी आहेत त्या, आपल्याकडे सुंदरबाई असतात तशा. मंग याची कोनती? जित्ती हाये का मिलच्या पट्ट्यात सापडून काही —

रुखमाबाई, पिशवी काहून उचलली?

नाही वं बाई, बायको नाही ती, बायको असती तं मी पुस्तकात शोधत बसली असती का? मले खरंच नाही माहीत. तुमची पोरगी शिकलेली हाये, शांत हाये, मले वाटलं मायले नाही सांगत तं बायकोले सांगन. म्हून तं सोयरिकीची एवढी घाई केली. कोनाजवळ तरी बोलन ना तो — काय म्हनता? हो. खरं हाये तुमचं. माही राखी असती तं मी बी नसती देल्ली अशा घरी.

च्या राहू द्या मंग. तुमच्या मालकाले फोन करा, मंडईतूनच परस्पर निघा म्हना, आमच्या मानसाले मी सांगते काहीतरी. फक्त येवढं करा बाई, ते नाव कोठी घेऊ नका. कोनी विचारलं तं पोरगा चांगला हाये म्हना. माय येडी हाये त्याची, घरदार सोडून आफ्रिका वाचत बसते, अशा सासूजवळ पोरगी देऊ नाही म्हना. जा आता.