चाईच्या नावाखाली कळलावी

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, हार घालून झाला. आता आख्यान. आणि आधीच सांगून ठेवतो, आज मी रागात आहे. पेटीवाले दिगंबरपंत, सूर जरा खालचाच धरा. माझा आपोआप चढणार आहे!

प्रश्न एकच विचारतो. चूक कुणाच्या हातून होत नाही? माझ्या होते, तुमच्या होते, दिगंबरपंतांच्या तर दर दोन ओळींनी होते! (हसू नका, ते चिडतील.) मग पापी कोण? चूक करणारा? का कुणी दारात येऊन 'अहो, तुमचं चुकलंय' म्हणालं, तेव्हा त्याच्या तोंडावर दार आपटणारा?

हां! लगेच माना हलवू नका. 'दुसरा, दुसरा' म्हणायला सगळे तयार असतात. गोष्ट ऐका, मग काय हलवायचं ते हलवा.

ही पुराणातली नाही बरं का. गेल्या पावसाळ्यातली आहे. मी तिथं होतो. माझ्या या उजव्या हातात घास होता!

आमच्या तालुक्याच्या गावी एक मास्तर. अच्युत खांबेटे. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता निवृत्त. माणूस सरळ, निर्व्यसनी, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. निवृत्त झाल्यावर त्यांनी काय केलं? ब्लॉग काढला! आता मागं बसलेल्या आजी विचारतायत, ब्लॉग म्हणजे काय रे बाबा? आजी, ब्लॉग म्हणजे अशी वही, जी आपण आपल्या घरी लिहायची आणि साऱ्या जगानं मोबाईलवर वाचायची. वहीचं नाव 'रानातलं ताट'. त्यात त्रेसष्ट रानभाज्या. एकेक नाव, खाली फोटो, खाली कृती. फुकट! हौस म्हणून! चांगलं काम होतं, मी नाही म्हणत नाही.

पण या त्रेसष्ट भाज्या मास्तरांना दाखवल्या कुणी? शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्याला रान काय ठाऊक? दाखवल्या बुधीबाई मुकणेनं. कातकरी वाडीवरची बाई, साठीची, पायात चप्पल नाही. दोन पावसाळे तिनं मास्तरांना डोंगरभर फिरवलं. हे खा, हे खाऊ नका, हे उकळून पाणी टाका, ह्याला हात पण लावू नका. आणि त्या वहीत तिचं नाव कसं आलं ठाऊक आहे? 'एका स्थानिक महिलेच्या मदतीने.' बस्स! त्रेसष्ट झाडांना नाव आहे हो, बाईला नाही!

असो. पुढं ऐका.

ब्लॉग काढणं सोपं, राखणं अवघड. मास्तरांनी फोटो ठेवले होते दुसऱ्या एका फुकटच्या जागी. ती जागा एक दिवस बंद झाली. झालं! वहीतले सगळे फोटो गेले. नाव आहे, कृती आहे, फोटोच्या जागी रिकामी चौकट. मास्तर कळवळले. आणि पठ्ठ्या बसला की हो कामाला! जुन्या कॉम्प्युटरमधून फोटो शोधले, एक, दोन, तीन असे नंबर घातले, आणि एका दमात सगळे चढवले. यंत्राला सांगितलं, पहिला फोटो पहिल्या भाजीला, दुसरा दुसरीला.

पण टाकळ्याचा फोटो सापडलाच नव्हता! त्रेसष्टाचे बासष्ट झाले होते. पंगतीत मधलाच एक उठून गेला आणि सगळे एकेक पान अलीकडे सरकले, तर मधुमेहवाल्याचं पान कुणापुढं येईल? तेच झालं. टाकळ्यापासून पुढचा प्रत्येक फोटो एक घर सरकला. टाकळ्याच्या नावाखाली कुर्डू. आणि चाईच्या नावाखाली कोण?

चाईच्या वेलाचे कोवळे कोंब आपल्याकडे भाजीला खातात. वहीत चाईनंतर नोंद होती कळलावीची. ती खायला नव्हे! 'जहाल विषारी, वाटेला जाऊ नका' म्हणून दिलेली. तिचाही कोवळाच कोंब, फूल न आलेला. तो फोटो सरकला आणि चाईच्या नावाखाली जाऊन बसला. आणि 'जहाल विषारी'च्या खाली आली बिचारी भारंगी!

मास्तरांनी तपासलं नाही का? तपासलं ना! पहिले पाच फोटो पाहिले. बरोबर. सहावा कशाला बघायचा? आणि मग तीन दिवस काय केलं? वर नाव असतं ना, 'रानातलं ताट', त्याचा हिरवा रंग जमेना. पोपटी करू का शेवाळी करू? तीन दिवस! खाली विष वाढून ठेवलंय, आणि हा वर रंग देतोय!

तरीही मी त्यांना इथवर पापी म्हणणार नाही. चूक झाली. माणूस होता.

आता बुधीबाईच्या घरी चला. तिची सून रंजना, अंगणवाडीत मदतनीस. बारावी शिकलेली. दुपारी सासूला मोबाईलवर ब्लॉग दाखवत होती, "आत्या, बघा, तुमच्या भाज्या परत आल्या." बुधीबाईला अक्षर येत नाही, पण झाड येतं. रंजना म्हणाली, "ही चाई." म्हातारीनं मोबाईल हिसकावून घेतला.

"कोन बोलतो ह्याला चाई? आगं, ही कळलावी हाय! पानाचं टोक बघ, मिशीवानी वळलेलं. कुनी खाल्लं तं मरल ना!"

रंजनानं तिथल्या तिथं कमेंट लिहिली. 'सर, चाईच्या भाजीला कळलावीचा फोटो लागला आहे. लगेच काढा. रंजना मुकणे, अंगणवाडी मदतनीस.' किती साधं! किती नम्र!

पण मास्तरांच्या ब्लॉगवर एक कुलूप होतं. दोन वर्षांपूर्वी कुण्या प्राध्यापकानं चारचौघांत त्यांची एक चूक काढली होती. ती मास्तरांना लागली. तेव्हापासून नियम असा की, कुणीही काही लिहिलं तरी आधी मास्तर वाचणार, मास्तर मंजूर करणार, मगच ते लोकांना दिसणार. हरकत नाही, घराला कडी असावी. पण कडी कुणासाठी काढायची हे कोण ठरवतं?

मास्तरांनी रंजनाची कमेंट वाचली. हो, वाचली! नंतर स्वतः कबूल केलं त्यांनी. वाचली आणि म्हणाले, "मदतनीस! ही मला शिकवणार?" आणि डिलीट. फोटो उघडून बघितला का? नाही! अर्धं मिनिट लागलं असतं. अर्धं मिनिट!

दुसऱ्या दिवशी रंजनानं परत लिहिलं. 'सर, आत्या स्वतः म्हणतात, ही कळलावी आहे. कुणाचा तरी जीव जाईल.' डिलीट! तिसऱ्या दिवशी परत लिहिलं. मास्तर चिडले, "काय पिच्छा पुरवलाय!" आणि तिला ब्लॉकच केलं. म्हणजे आता ती कितीही ओरडली तरी मास्तरांच्या कानावर जाणारच नाही.

आणि मंडळी, लाज वाटते सांगायला, पण सांगतो. त्याच आठवड्यात, त्याच चाईच्या भाजीखाली, मीसुद्धा एक कमेंट लिहिली होती. 'वा मास्तर! अप्रतिम! तोंडाला पाणी सुटलं!' फोटो नीट बघितला का मी? माझ्या बापजन्मी मी चाई बघितलेली नाही! पण माझी वाहवा एका मिनिटात मंजूर! पोरीचा इशारा तीनदा कचऱ्यात, आणि बुवाची खोटी स्तुती वर, फुलं लावून!

द्या पेटी, दिगंबरपंत. दोन ओळी म्हणू द्या, नाहीतर डोकं फुटेल माझं.

चूक घडे ती मातीची रे, धुतली की ती जाई ।
सांगायाला आला त्याला पुसे, तरे तो काई? ॥

पुढं ठरला सत्कार. ब्लॉगला दहा वर्षं झाली म्हणून गावातल्या गिर्यारोहण मंडळानं सभागृह घेतलं. हार, शाल, श्रीफळ, आणि शेवटी जेवण. जेवणात मुख्य भाजी कुठली? ब्लॉगवर लोकांनी सगळ्यात जास्त वाचलेली. चाईची! मंडळातले चार उत्साही गडी सकाळी डोंगरात गेले. हातात मोबाईल, मोबाईलवर मास्तरांचा फोटो. फोटोसारखंच हुबेहूब बघून दोन पोती कोंब आणले! निवडले, चिरले आणि आचाऱ्याच्या हवाली केले. चिरल्यावर आचारी काय ओळखणार?

आणि त्या बेताची जाहिरात ब्लॉगवरच होती. रंजनानं ती सकाळी वाचली. सासू-सुना दोघी उठल्या. फोन करायला मास्तरांचा नंबर नाही, लिहावं तर ब्लॉक. वाडीवरून जीप मिळेना, सहा किलोमीटर चालत निघाल्या.

सभागृहाच्या दारात पोहोचल्या तेव्हा माझं, म्हणजे प्रमुख पाहुण्याचं, भाषण संपत आलं होतं. दारावर बिल्ला लावलेला एक गृहस्थ.

"पास आहे का?"

रंजना म्हणाली, "दादा, आत जेवणात विष आहे. मास्तरांना भेटू द्या."

"अहो, कार्यक्रम चालू आहे. नंतर या. जेवण उरलं तर देतील."

जेवण उरलं तर देतील! ऐकताय ना? बाई तुमचा जीव वाचवायला उपाशी चालत आली, आणि तुम्ही तिला उरलेलं देणार!

रंजना दारावर भांडत राहिली. म्हातारी गप मागच्या बाजूला गेली. तिथं स्वयंपाकघरामागं भाजी निवडून टाकलेल्या देठापानांचा ढीग पडला होता. बुधीबाईनं त्यातलं एक पान उचललं. मिशीवानी वळलेलं टोक! ती मागच्या दारानं आत घुसली.

इकडं पंगत बसली होती. माझ्या पानात भाजी, मी घास उचललेला, फक्त श्लोक व्हायचा म्हणून थांबलो होतो. पण मास्तर थांबले नव्हते! फोटो काढणारा म्हणाला होता, "मास्तर, भाजी खातानाचा एक फोटो!" मास्तरांनी हसत एक घास खाल्ला. "नीट आला नाही, अजून एक!" अजून एक खाल्ला.

तेवढ्यात पंगतीच्या मधोमध ही उभी! पदर खोचलेला, पाय चिखलानं भरलेले, हातात ते पान.

"कुनी खाऊ नका! ही कळलावी हाय! टाका हातातलं!"

माझ्या हातातून घास गळला. मास्तर उठले. मला वाटलं, आता हा माणूस तिचे पाय धरील. तर म्हणतो काय?

"बुधीबाई, काय तमाशा आहे हा? चांगल्या कार्यक्रमात?"

म्हातारी त्यांच्यासमोर गेली. "मास्तर, तुमच्या संग दोन पावसाळं फिरली मी. तवा माजं ऐकलं ना तुमी? मग माज्या सुनेनं तीनदा लिवलं, ते का पुसलं?"

आणि मास्तर दोनशे माणसांसमोर खोटं बोलले. "मला असं काही आलंच नाही."

मागून रंजना आली. ओरडली नाही. मोबाईल पुढं धरला. लिहिलेलं पाठवल्यावर तिनं तीनही वेळा पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, तारखेसकट. मास्तर ते वाचत असतानाच त्यांना दरदरून घाम फुटला, आणि पहिली उलटी झाली.

दवाखान्यात अकरा दिवस. जगले! बुधीबाईनं ओळखून सांगितलं म्हणून डॉक्टरांना पहिल्या मिनिटापासून विष कुठलं ते ठाऊक होतं. घरी आले आणि पंधरवड्यानं डोक्यावरचे केस झडले. सगळे! त्या विषाचं तसंच असतं म्हणाले डॉक्टर. बाकी दोनशेतलं कुणी खाल्लं नव्हतं.

अंगात त्राण आलं तसे मास्तर काठी टेकत वाडीवर गेले. रंजनाला म्हणाले, "पोरी, तुझं लिहिलेलं मी पुसलं, ते आता परत येत नाही. तू पुन्हा लिही. मी सगळ्यात वर लावतो."

रंजना म्हणाली, "नाही सर. मी तीनदा लिहिलं. आता तुम्ही लिहा. तुमच्या हातानं, तुमच्या नावानं. काय चुकलं ते, आणि कुणी सांगितलं होतं ते. आणि आत्याचं नाव पूर्ण लिहा."

लिहिलं त्यांनी. टाकळ्याचा नवा फोटो काढला, आणि त्रेसष्टही फोटो बुधीबाईला शेजारी बसवून एकेक तपासले. आणि माझी ती 'वा मास्तर, अप्रतिम' मी त्यांना फोन करून काढायला लावली.

आता हलवा माना! हलत नाहीत? का बरं?

मास्तर वाईट आणि आपण चांगले, असं म्हणून घरी जायचं होतं ना? नाही जाऊ देणार! सप्ताहाचे अध्यक्ष, वर बघा माझ्याकडं. भांडी घासायला येते ती तान्हूबाई कीर्तनाआधी माझ्या पाया पडायला आली होती. रडत होती. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "उद्याच्या महाप्रसादासाठी वरची टाकी भरून ठेवलीय, तिच्या पाण्याला घाण वास येतोय. आत काहीतरी मेलंय. दोनदा सांगितलं कमिटीला." आणि कमिटी काय म्हणाली? अध्यक्ष, तुम्ही सांगता का मी सांगू?

कमिटी म्हणाली, "तू भांडी घास!"

उद्या बाराशे माणसं जेवणार आहेत त्या पाण्यावर! तुमची पोरं जेवणार आहेत! आणि इथं तुम्ही खांबेटे मास्तरांना हसताय? त्यांच्यासमोर निदान यंत्र होतं. तुमच्यासमोर तर बाई उभी होती हो, डोळ्यांत पाणी घेऊन!

थांबवा पेटी. चिपळ्या मी खाली ठेवल्या. आख्यान संपलं, पण आरती होणार नाही. आधी शिडी आणा. अध्यक्ष, तुम्ही शिडी धरायची. मी वर चढून झाकण उघडतो, अजून उजेड आहे. आत काही नसलं तर नसलं, कमिटीची मी सगळ्यांसमोर क्षमा मागीन आणि दुप्पट वेळ आरती म्हणीन. असलं, तर टाकी रिकामी करून, घासून, मगच देवापुढं दिवा लागेल. घासायला बायका नाही जायच्या, कमिटी जाईल.

उठा. तान्हूबाई, तू मागं नको, पुढं हो. दाखव आम्हाला.