रोबोट फार सुंदर पडतो!

...नाही, पण मी म्हणते, आजवर देवापुढे हात जोडून इतकं काय काय मागितलं, तेव्हा कधी त्याला पटकन ऐकू आलं नाही, आणि नेमकं ह्याच वेळी बरं आलं! झालं काय, तुम्हाला सांगते, आमची लेक शिक्षण संपवून घरात बसली होती. रोज अर्ज, रोज मुलाखत, रोज संध्याकाळी उतरलेलं तोंड. मला बघवेना. एक दिवस सकाळी अंघोळ करून देवापुढे बसले आणि बोलून गेले, "देवा, हिला मनासारखं काम मिळू दे, मी वर्षभर कशालाही नावं ठेवणार नाही. माणसाला नाही, वस्तूला नाही, हवेलासुद्धा नाही!" तशी मी व्रतांची बाई. उपवास मला जमतो, मौन जमतं, अनवाणी चालणं जमतं. पण हे? तोंड उघडायचं, बोलायचं, आणि त्यातून नावं ठेवायची नाहीत! अहो, त्यापेक्षा उपाशी राहिलेलं परवडलं. आणि त्याच आठवड्यात तिला नोकरी लागली की! खेळण्यांच्या कंपनीत. आधी कागदावर खेळणं काढायचं, मग त्याचा नमुना करायचा. आता काय, देवाने त्याचं काम केलं, माझी पाळी.

तेव्हापासून मी जे गोड बोलतेय, जे गोड बोलतेय... पाववाल्याने शिळा पाव दिला, मी म्हटलं, "वा, घट्ट आहे हो!" वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सकाळी सकाळी गाणं सुरू केलं, मी म्हटलं, "काय सातत्य आहे!" आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीला फळी ठोकली, ती एका बाजूला उतरते, मी म्हटलं, "बरं झालं, सगळ्या वस्तू एका कोपऱ्यात गोळा होतात, शोधायला नको." नावं ठेवत नाहीये हं मी... फक्त सांगते.

तर एका रविवारी ही लेक एक खोकं घेऊन माझ्यापुढे बसली. खोक्यात कोण? तर रोबोट. वीतभर उंच, निळा, छातीवर चिलखत, आणि सांधे म्हणाल तर जिथे बघावं तिथे सांधा! मान वळते, खांदा फिरतो, कोपर दुमडतं, घोटासुद्धा हलतो, माझा हलत नाही तेवढा. आणि बरोबर लवाजमा केवढा... तलवार, ढाल, पाठीला लावायचे पंख, पंखांच्या मधोमध एक रॉकेट, आणि हाताचे पंजे! मुठी वेगळ्या, उघडे पंजे वेगळे, बोट दाखवणारा वेगळा. रागावला की मूठ लावा, शरण आला की पंजा लावा. आपल्याला असं असतं तर? मी तर सासूबाईंसमोर कायम जोडलेले हातच लावून ठेवले असते.

लेक म्हणाली, "आई, हा माझा पहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा. उद्या मोठ्या साहेबांपुढे ठेवायचाय. पास झाला की साचे पक्के, मग सूतभरसुद्धा बदल नाही. आणि नापास झाला तर तो कायमचा कपाटात आणि मी पुन्हा दुसऱ्यांच्या बाहुल्यांचे डोळे रंगवायला. तुझ्याइतकी चिकित्सक बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही. तू ह्यातल्या चुका काढ!"

ऐकलंत? चुका काढ! मला! अहो, ज्या बाईने देवाला शब्द दिलाय तिला! आणि शब्द दिलाय कशासाठी, तर ह्याच नोकरीसाठी! म्हणजे चूक दाखवली तर व्रत मोडलं, देव म्हणणार, "असं का? मग घे तुझी नोकरी परत." आणि नाही दाखवली तर साहेब म्हणणार, "घे तुझा रोबोट परत." इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी, हातात ती इवलीशी तलवार घेऊन!

बरं, हिला सांगून टाकावं, तर नवस फिटेपर्यंत घरच्यांना सांगायचा नसतो असं आमच्या आईने शिकवलेलं. म्हटलं, आधी बघू तरी. कदाचित चूक नसेलच. मी आशेवर जगणारी बाई आहे.

मग काय, पदर खोचला आणि बसले. पारख म्हणजे काय ते मला विचारा! आयुष्य गेलंय माझं भाजी हातात घेऊन दाबून बघण्यात. त्याची मान फिरवली, पाय ताणले, गुडघ्यावर बसवला. काय बसतो हो! एक गुडघा टेकून, मान खाली घालून, अगदी प्रार्थनेला बसल्यासारखा. मला तर भरूनच आलं, आमच्या घरात माझ्याशिवाय असं कुणी बसत नाही. ढाल लावली, झकास. मुठीत तलवार दिली, घट्ट. उघडा पंजा लावताना निसटला आणि पलंगाखाली गेला, तो केरसुणीने काढला, त्याच्याबरोबर ह्यांचा हरवलेला चष्माही निघाला. नावं ठेवत नाहीये हं मी... फक्त सांगते.

मग पाठीला पंख लावले. पंखांत रॉकेट बसवलं. टेबलावर उभा केला, हात काढला... आणि हा धाडकन उताणा!

पुन्हा उभा केला. पुन्हा उताणा. लेक समोर, डोळ्यांत प्राण आणून बघतेय. "काय गं आई? काय वाटतं?"

आणि मी काय बोलले असेन? "अगं... किती सुंदर पडतो!"

"पडतो?"

"म्हणजे पडतो असं नाही... विसावतो. बघ ना, मान कशी वर ठेवून विसावतो! किती माणसांना असं पडता येतं?"

तिचं तोंड एवढंसं झालं. "मी उभा केला तरी पडतोच. का पडतो तेच कळत नाहीये. रॉकेट हलकं केलं, पंख छोटे केले, पावलं मोठी केली. आधाराचा स्टँड द्यायला साहेब तयार नाहीत. ते म्हणतात, 'स्वतःच्या पायावर उभा राहत नसेल तर तो कसला हीरो?'"

आता मला कारण दिसत होतं हो! स्वच्छ दिसत होतं! पाठीवर ओझं आलं की माणूस काय करतो? कमरेतून पुढे वाकतो. हमाल वाकतो, पोर पाठुंगळीला घेतलेली आई वाकते. आणि हा? डावीकडे वळेल, उजवीकडे वळेल, पण पुढे वाकायचं नाव नाही! ताठ! थेट आमच्या ह्यांच्यासारखा! वळण भरपूर, वाकणं नाही. अगदी जिभेवर आलं होतं, पण वाकत नाही म्हणणं म्हणजे नावं ठेवणंच की! जीभ चावली. खरंच चावली, दोन दिवस तिखट गेलं नाही.

मग मला युक्ती सुचली. आपलं व्रत आहे, सासूबाईंचं कुठे आहे? अहो, आमच्या सासूबाई म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राकडे बघून "एका बाजूने जरा फुगलाय" म्हणणाऱ्या! गेली कित्येक वर्षं माझ्या हातच्या चहाला त्यांनी एकदासुद्धा बरं म्हटलेलं नाही. म्हटलं, आज ह्या शस्त्राचा उपयोग करून घ्यावा. रोबोट नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवला. "आई, बघा बरं, काही खटकतंय का?"

त्यांनी चष्मा लावला. उलटा केला, सुलटा केला, पंख ओढून पाहिले. मी मनात म्हणतेय, बोला, आई, बोला, तुमची सून पाया पडते... आणि बाई काय म्हणाल्या? "गुणी आहे हो!"

गुणी?

"गुणी आहे. ठेवू तिथे राहतो. उलट बोलत नाही. तुझा नवरा लहानपणी असा असता तर माझं आयुष्य वाढलं असतं."

नव्वदीला टेकलेल्या बाईचं आणखी किती वाढायचं होतं? नावं ठेवत नाहीये हं मी... फक्त सांगते.

मग ह्यांच्याकडे गेले. पेपर वाचत होते. "अहो, जरा बघता का, नीट आहे का?" पेपरामागून आवाज, "छान आहे, छान आहे. मीठ थोडं कमी चालेल." म्हणजे बघा!

परत आले तर लेक खोकं भरत होती. तलवार आत, ढाल आत, एकेक पंजा पिशवीत. आणि हळूच म्हणाली, "बाहेर सगळेच छान छान म्हणतात गं. मला वाटलं, तू तरी खरं सांगशील." रागावून म्हणाली असती तर चाललं असतं. पण हळू म्हणाली.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी उठले, देवापुढे गेले आणि म्हटलं, "हे बघ, मी नावं ठेवणार नाही म्हटलंय. खेळणार नाही असं कुठे म्हटलंय?" देव काही बोलला नाही. तो नाही बोलला की मी हो धरते, इतक्या वर्षांत आमचं तसंच ठरलंय.

लेकीचं शाळेतलं जुनं दप्तर काढलं. त्यात घरातले होते नव्हते तेवढे बटाटे भरले. म्हटलं, "घे पाठीवर. आता सोफ्याकडे पाठ करून उभी राहा. ताठ! रोबोटसारखी. कंबर वाकवायची नाही हं!"

"आई, तू बरी आहेस ना?"

"मी ठणठणीत आहे. ताठ!"

ती ताठ राहिली, मी दप्तर सोडलं... आणि पोरगी बटाट्यांसकट सोफ्यावर उताणी! सासूबाई ओरडल्या, "अगं, मारलंस की काय पोरीला!" हे पेपर खाली ठेवून उभे राहिले, वर्षातून पहिल्यांदा! आणि ही पडल्या पडल्या वर छताकडे बघतेय, बघतेय, आणि एकदम किंचाळली, "कंबर! आई, कंबर!" मला वाटलं, मोडली. तर तशीच उठली, दप्तर पाठीवर, बटाटे घरभर, आणि धावत जाऊन रोबोटला खोक्यातून ओढून काढला. कमरेचा सांधा आत होताच हो! छातीचं चिलखत खाली पोटावर टेकत होतं म्हणून त्याला वाकता येत नव्हतं. हिने कानस घेतली आणि बसली त्या चिलखताची कड घासत. घासते, वाकवून बघते, पुन्हा घासते. शेवटी पंख चढवले, रॉकेट चढवलं, किंचित पुढे झुकवला, हात काढला... आम्ही चौघं श्वास रोखून... आणि उभा! उभा राहिला हो! थोडासा वाकून, ओझं पेलून, शहाण्या माणसासारखा!

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्याच्यावर सगळी हत्यारं चढवली, टेबलाला मुद्दाम धक्का दिला. हलला, पण पडला नाही. पास! घासलेली कड बघून साहेबांनी विचारलं, "कमरेची चूक कुणी काढली?" ही म्हणाली, "आईने. पण ती एक अक्षर बोलली नाही." साहेब म्हणे, "न बोलता चूक दाखवणारी बाई? आमच्याकडे चूक नसताना बोलणारे भरलेत!" आणि धाडली ना आमच्याकडे टेम्पोभर खोकी, 'मातोश्रींच्या अभिप्रायासाठी'! रडणारी बाहुली आहे, ती थांबत नाही. ढोल बडवणारं माकड आहे, ते दमत नाही. सासूबाई म्हणतात, "गुणी आहेत हो सगळी!" आणि माझं वर्ष अजून सरायचंय! नावं ठेवत नाहीये हं मी... फक्त सांगते.

पण खरं सांगू? तुम्हीही घ्या हे व्रत. हात जोडून विनंती आहे. फार नाही, एक दिवस घेऊन बघा. समोरच्याला नावं ठेवायची नाहीत असं ठरवलं ना, की त्याला उभं कसं करायचं ते आपोआप सुचायला लागतं. आणि मुहूर्त कशाला बघता? आत्तापासूनच सुरू करा... मी मघापासून जी एवढी बडबड केली, ती कशी वाटली, ते मला सांगू नका.