बाळूची बोलायची पाळी

"नव्या सुनेजवळ बाळूला ठेवू नका. ती दिवसभर तोंड उघडत नाही, पोरगं पण मुकंच राहील की!"

मी परसात भांडी घासत होते, तेव्हा सासूबाईंचं हे बोलणं कानावर आलं. बाळू म्हणजे जाऊबाईंचा मुलगा. दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता आणि घराला त्याचाच घोर लागला होता.

आता तो बोलणार तरी कधी? त्यानं माठाकडे बोट केलं की सासूबाई कानडीत विचारायच्या, "नीरु बेका?" जाऊबाई म्हणायच्या, "पाणी पाहिजे का रे सोन्या?" आणि तोवर मामंजींनी पेला त्याच्या तोंडाला लावलेला असायचा.

एकदा सगळे लग्नाला अक्कलकोटला निघाले. बाळूला सर्दी, म्हणून नाइलाजानं माझ्याजवळ ठेवला. दुपारी त्यानं माठाकडे बोट केलं. मी पेला हातात धरून नुसती त्याच्याकडे बघत बसले. त्यानं पुन्हा बोट केलं, पाय आपटले आणि शेवटी ओरडला, "पाणी!" एवढ्यानं मला कळलं नसेल असं वाटून वर म्हणाला, "नीरु!"

संध्याकाळी मंडळी परतली आणि दारातच त्याचं "पाणी" ऐकून एकच गलका झाला. "कोणतं औषध दिलंस गं?" "नजर काढली का?" "अजून एकदा म्हण रे राजा!" मधे उभा बाळू तोंड उघडत होता आणि मिटत होता.

तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, जरा गप्प बसता का सगळे? बाळू बोलतोय."