उलट्या पट्ट्यांचं पेन

— पटाशी अशी धरतात? पेन करायचंय पोरी, खून नाही.

— मग शिकवा ना, काका. नुसते स्टुलावर बसून टोमणे काय मारताय?

— तुझ्या बापानं एकोणतीस वर्षं याच स्टुलावर बसून मला टोमणे मारले. आता जागा रिकामी झालीय, तर मला बढती नको? कोपर अंगाशी घे. हं. आधी टेकव, मग हळूच पुढे. लाकडाला कळता कामा नये.

— बघा ना, काय सुरेख दिसतंय! शिसव, मग साग, मग अक्रोड, एका टोकाला त्या तीन फिकट पट्ट्या. अकरा तुकडे, काका, नखाएवढा एकेक. बाबांनी आजारपणात घरी पलंगावर बसून कापलेत.

— आणि भुसा सगळा तुझ्या आईच्या उशीवर. ठाऊक आहे मला, फोनवर शिव्या मी खाल्ल्या.

— कापले, आकडे घातले, बाण काढले. चिकटवायचे तेवढे राहून गेले. ते मी केलं, तुम्ही भोक पाडून नळी बसवलीत, आता—

— थांब. मशीन बंद कर.

— का? काय झालं?

— बंद कर आधी.

(मशीन थांबतं.)

— या तीन फिकट पट्ट्या पेनाच्या डोक्याकडे कशा गेल्या?

— बाणाप्रमाणेच लावलंय सगळं. बाण निबेकडे.

— निबेकडे! अगं, तुझा बाप डावखुरा आणि वर अडेलतट्टू. जगाचा बाण पुढे, त्याचा शेपटीकडे. त्या बाणापायी मी एका गिऱ्हाइकाच्या टेबलाचे चारही पाय उलटे कातलेत. जाड भाग खाली. हत्तीवर ताट ठेवल्यासारखं दिसतं ते टेबल.

— म्हणजे मी उलटं चिकटवलं?

— सबंध. आधी लक्षात आलं असतं, तर नुसतं फिरवून घेतलं असतं. आता निमुळता भाग कातून बसलीस, निब इकडेच येणार. पट्ट्या बोटांखाली यायच्या होत्या, त्या गेल्या डोक्यावर.

— असू दे. वापरणार मीच आहे, मला उलटं चालेल. घरात शाईनं लिहिणारी मी एकटी. बाबांनी कुणासाठी करायला घेतलं होतं, हे सांगायला कशाला हवं?

— हं.

— हं काय?

— तुझं नाही ते.

— मग काय आईचं? आई पेनानं फक्त डब्यांची झाकणं उघडते.

— आईचंही नाही. डॉक्टरचं आहे.

— कुठल्या डॉक्टरचं?

— तो उंच, चष्मेवाला. ज्याचं अक्षर औषधवाल्यालाही लागत नव्हतं.

— त्याचं? काका, तो माणूस हॉस्पिटलात बाबांच्या पलंगाशी कधी पाच मिनिटं थांबला नाही. हातात फाइल, नजर घड्याळावर. त्याला अकरा तुकड्यांचं पेन? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

— आधी सांगितलं असतं तर हात लावला असतास?

— नसता लावला. आता मोडूनच टाकते.

— मोड. हातोडी मागे टांगलीय. मोठी घे, भोक मी पाडलंय, बारकीनं तुटायचं नाही.

— चेष्टा नकोय मला.

— मलाही नकोय. एक सांग. त्या डॉक्टरला बाहेर पॅसेजमध्ये गाठून तू काय बजावलं होतंस?

— तुम्हाला कुणी सांगितलं?

— सांग तर.

— की बाबांना काही कळू द्यायचं नाही. दीड महिना उरलाय हे आमच्यापाशी ठेवा. त्यांना सांगा, साधी सूज आहे.

— त्यानं सांगितलं.

— काय?

— खरं काय ते. तुझ्या बापानं विचारलं, त्यानं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी. तू खाली चहाला गेली होतीस, आई घरी. पलंगाच्या काठावर बसला, चष्मा काढला आणि सगळं समजावून सांगितलं. पाच मिनिटं नाही, चांगला पाऊण तास.

— मी त्याला हात जोडून सांगितलं होतं!

— सांगितलं होतंस. पण आजारी तू नव्हतीस.

— म्हणजे बाबांना माहीत होतं? सगळे दिवस?

— सगळे.

— पण मी रोज... काका, मी त्यांना समुद्राकाठची हॉटेलं दाखवत होते. पुढच्या वर्षी जाऊ म्हणून. खोल्या निवडून घेत होते त्यांच्याकडून!

— आणि तो खिडकीतून पाणी दिसणारीच खोली पाहिजे म्हणून हटून बसला होता. रात्री मला फोनवर म्हणायचा, 'पोरगी काय काम करते रे! आपण उगाच तिला शिकवलं, नाटक कंपनीत घालायला हवी होती.'

— हसत होते मला?

— पोट धरून. एकदा मात्र हसला नाही. म्हणाला, 'मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. इतकं मन लावून खोटं बोलते, उघडं पडलं तर हातपाय गळतील तिचे.'

— मग आज का बोललात?

— हे पेन तुझ्या टेबलावर जाऊन बसलं असतं म्हणून. त्यानं शब्द दिला होता. 'डॉक्टर, तुम्ही मला फसवलं नाहीत. एक पेन देणं लागतो तुम्हाला. निदान अक्षर तरी सुधारा.'

— यावर तो काय म्हणाला?

— म्हणाला, 'अक्षर सुधारलं तर मी काय लिहितो ते लोकांना कळेल. मग येईल कोण?'

— तो माणूस विनोद करतो?

— तुझ्याशी कशाला करील? तू त्याच्याकडे चोर पकडल्यासारखी बघायचीस. घे, पॉलिश पेपर. बारकाच घे. मोडायचं असेल तर मोड, नाहीतर गुळगुळीत कर. अर्धवट काही ठेवायचं नाही माझ्या दुकानात.

— तुमच्या?

— बरं, आमच्या. घास.

— काका.

— हं.

— पट्ट्या उलट्या आहेत, हे त्याला सांगायला नको. त्याला काय कळतंय? मुळात असंच ठरलं होतं म्हणू.

— परत? बापाला फसवणं जमलं नाही, आता डॉक्टरवर प्रयोग?

— ...बरं. सांगते. चूक माझी म्हणून सांगते.

— सांग.

— आणि त्याला विचारते, त्या पाऊण तासात बाबा काय काय बोलले.

— विचार. चारपर्यंत असतो तो ओपीडीत.

— आत्ता?

— पावणेतीन. मेण लाव. फडक्यानं जोरात घास, गरम झालं पाहिजे. बास. आता निब, मग ती क्लिप. जपून.

— झालं. घ्या, बघा.

— वाईट नाही. तुझ्या बापानं पाहिलं असतं तर...

— तर काय?

— चार चुका काढल्या असत्या. आणि मग खिशाला लावून गल्लीभर मिरवत हिंडला असता. घे, रुमालात गुंडाळ. निघ आता.

— काका, मशीन चालू करा ना.

— आता कशाला? काही राहिलं का?

— काही नाही. थोडा वेळ आवाज होऊ दे, बाबा असताना व्हायचा तसा.